सात नंबर, ठीक

तुला पत्र लिहून उपयोग नाही, हे मला कळतं. तू गेलीस त्याला दीड वर्ष होत आलं. पण शेवटची पंचवीसेक वर्षं आपण निम्मं बोलणं कागदावरच करत आलो, त्यामुळे तुझी आठवण आली की माझा हात आधी पेन शोधतो. शिवाय निमित्तही घडलं आहे. आपल्या रेडिओला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे, आणि तिचा संपादक परवा घरी येऊन बसला.

"ताई, एका केंद्राची चौतीस केंद्रं कशी झाली, ते एखाद्या महत्त्वाच्या व्यक्तीच्या आयुष्यातून सांगा," म्हणाला. सोबत यादी आणली होती. यादीत सगळे साहेब.

मी म्हटलं, "मी कानावर लिहीन."

"आरोग्याचं सदर आपण ठेवलेलं नाही, ताई."

त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. लिहायचं ते तुझ्यावरच, हे ठरलं. मात्र हे चार लोक वाचणार, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. मध्येच तोंड वाकडं करू नकोस.

आपण दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी निवेदिका आणि तू ऐकणारी. तेव्हा तीनच केंद्रं होती. शहरातलं एक आणि दोन डोंगरांवरची दोन. शहरातून निघालेला आवाज पहिल्या डोंगराने झेलायचा आणि पुढे फेकायचा, तो दुसऱ्याने झेलायचा. डोंगरावर एक यंत्र, एक खोली, एक माणूस. त्याच्याकडून बाहेर पडणारा आवाज नीट आहे की नाही, हे इथे बसून कळावं म्हणून प्रत्येक डोंगरावरून एक परतीची तार शहरात आणलेली होती. ती ज्या खोलीत येई ती ऐकणीची खोली. फळीवर एकेका केंद्राचा छोटा कर्णा, कर्ण्याखाली काचेतली सुई, समोर तू आणि तुझी वही. दर पंधरा मिनिटांनी एकेक कर्णा मोठा करायचा, कान द्यायचा आणि लिहायचं: ठीक, खरखर, बंद.

आणि तुझा कान! "दोन नंबरवर पंखा लावलाय, त्याला सांगा बंद करायला," असं तू सांगायचीस आणि डोंगरावरचा माणूस फोनवर चाट पडायचा. एकदा मी बातम्या वाचून बाहेर आले तर तू म्हणालीस, "दाढ दुखतेय ना तुझी? डावीकडची." ऑफिसात तुझं नाव कुणी घेईना. "कानाला विचारलंस का?" एवढंच. तुझ्या वहीत 'ठीक' असेल तर ते ठीक. तिच्यावर मोठ्या साहेबांचीही हरकत नसे.

केंद्रं वाढत गेली. चार, पाच, सहा. नवं केंद्र उघडलं की त्या बाजूची पत्रं पोत्याने यायची. आमच्या गावाचं नाव घ्या, आमच्या आत्याला सांगा मुलगी झाली, बाजारभाव हळू वाचा. तुझ्या फळीवर एक कर्णा वाढायचा. डोंगरावरच्या माणसांनाही आम्ही केंद्राच्याच नंबराने ओळखू लागलो. पाचवाला, सहावाला, सातवाला. रोजचं प्रसारण संपलं की ते आपापल्या तारेच्या खुंटीवर किल्लीने दोनदा ठोकायचे, टक टक. तू इकडून दोनदा ठोकायचीस. कुठल्या नियमात नव्हतं ते. पण तुझ्याकडून टक टक आल्याशिवाय एकाही डोंगरावरचा माणूस खोलीला कुलूप घालत नसे.

आता ते सांगते, जे स्मरणिकेत बहुधा छापणार नाहीत.

आठ नंबर उघडलं त्या सुमाराची गोष्ट. मी तुला कॉरिडॉरमध्ये मागून तीन हाका मारल्या. तू गेलीस आपली सरळ. मी चिडून धावत पुढे आले आणि म्हटलं, "शिष्ट झालीस का गं?" तू माझ्या ओठांकडे पाहिलंस. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. तुझ्या आईशी बोलताना ती असंच पाहायची, म्हणून मला लगेच कळलं. तुझ्या आईचे कान चाळिशीत गेले होते. तू छत्तीस वर्षांची होतीस.

"किती दिवस झाले?"

"वर्ष. कुणाला बोललीस तर बघ."

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते."

"आठ नंबर नीट चालू लागू दे."

मग नऊ नंबर उघडू दे. मग दहाची चाचणी होऊ दे. रेडिओ वाढत होता आणि तुझा डॉक्टर मागे पडत होता. मी आरडाओरडा केला, रुसले, अबोला धरला. तुझ्यापुढे अबोला धरण्यात काय हशील, तेही नंतर लक्षात आलं.

तू सुयांवर काम करायला शिकली होतीस. सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम, म्हणून सगळ्या सुया एका तालात नाचायच्या. एखादी मागे पडली, थरथरली, आडवी झाली, की ते केंद्र आजारी. कान शाबूत असलेल्या माणसालाही जे उशिरा कळलं असतं ते तू डोळ्यांनी आधी पकडायचीस. टक टकसुद्धा सुई दोनदा उडाली की तुला कळायचं. आणि मी? मी रोज सकाळी माझ्या निवेदनांची कार्बन प्रत तुझ्या वहीत सरकवायचे, म्हणजे कुणी विचारलंच तर काय वाजतंय ते तुला सांगता यावं. मदत म्हणून करत होते. चोरीत साथ म्हणतात त्याला. पाच वर्षं निभलं.

अकरा नंबर उघडलं आणि मोठ्या साहेबांनी नवी टूम काढली. दुपारी एक ते दीड प्रत्येक केंद्राने आपल्या भागाचं स्वतंत्र निवेदन द्यायचं. त्या त्या ठिकाणच्या कचेरीतून कुणीतरी फोनच्या तारेवर वाचायचं आणि डोंगरावरच्या माणसाने ती तार यंत्राला जोडायची. लोकांची केव्हाची मागणी होती आणि कल्पना चांगलीच होती. सगळे खूश होते. फक्त तुझ्या खोलीत, एकच्या ठोक्याला, अकरा सुया अकरा तऱ्हांनी नाचायला लागल्या.

पहिल्या दिवशी मी दारातून डोकावले. तू खुर्चीच्या कडेला बसली होतीस, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"जमेल," तू म्हणालीस. मी काही विचारलंही नव्हतं.

आठवडाभर जमलं. मंगळवारी नाही जमलं.

सात नंबरचा डोंगर नदीच्या खोऱ्यावर आहे. वर धरण. धरणाचे दरवाजे उघडायचे असले की दुपारच्या निवेदनात सूचना यायची आणि खालचे लोक गुरं, नावा, धुणी आवरून घ्यायचे. त्या मंगळवारी सूचना होती, अडीचला पाणी सोडणार. ती कचेरीतून वाचली गेली, पण प्रसारित झाली नाही. टेलिफोनच्या पेटीत तारेत तार मिसळली आणि सात नंबरवरून बावीस मिनिटं कुणाचं तरी खाजगी बोलणं गेलं. दोन जावांचं भांडण. सासूबाई कुणाकडे किती महिने राहणार यावरचं. सातवाला हादरला. त्याने आम्हाला फोन लावायला घेतला तर फोनमध्येही त्याच दोघी! डोंगरावर माइक नसतो, आणि हुकमाशिवाय यंत्र बंद करायची त्याला मुभा नव्हती. त्याने आपल्या वहीत वेळेसकट सगळं लिहून ठेवलं.

पावणेतीनला नावाड्याने नाव सोडली. सहा माणसं होती. पाणी आलं आणि नाव दोन वळणं खाली जाऊन वाळूत रुतली. सगळी वाचली, एका बाईचा हात मोडला. बुधवारी सकाळी नावाड्याची तक्रार तारेने आली: सूचना मिळाली नाही.

मोठ्या साहेबांनी दोन वह्या मागवल्या. सातवाल्याच्या वहीत जावांचं भांडण. तुझ्या वहीत, एक वाजता, सात नंबर, ठीक. सव्वाला, सात नंबर, ठीक.

सुई नाचत होती ना. माणसं बोलतात तशीच नाचत होती. भांडण आहे की निवेदन, हे सुईला काय कळणार?

"कानाने ठीक लिहिलंय म्हणजे ठीकच," साहेब म्हणाले. "हा गडी एक तर झोपला असेल, नाहीतर स्वतःचाच फोन तारेला जोडून गप्पा ठोकत बसला असेल. वर जावांच्या गोष्टी रचतो! शुक्रवारी बोलवा त्याला. घरी बसवतो."

खोऱ्यातून दुसरी एकही तक्रार नव्हती, त्यामुळे सातवाल्याचं म्हणणं आणखीच लटकं वाटत होतं. तक्रार का नव्हती ते आठ दिवसांनी कळलं. पोतंभर पत्रं आली: नवी श्रुतिका फार आवडली, धाकट्या जावेचं काम करणारीचा आवाज झकास, पुढचा भाग कधी? पण शुक्रवारी ती पत्रं वाटेत होती.

बुधवारी मी तुझ्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. मी काय बोलले ते इथे लिहिते, कारण लपवायचं वय माझं गेलं. मी म्हणाले, "गप्प बस. त्याला फार तर दुसरीकडे टाकतील. तू बोललीस तर तुझं सगळं जाईल."

"त्याला घरी बसवणार आहेत."

"नक्की काय करतील ते तुला काय ठाऊक!"

"मी पाहिलं ना. साहेब कॉरिडॉरमध्ये बोलत होते, काचेतून. त्यांचे ओठ जाड आहेत, फार सोपे."

मला हसू आलं आणि तुलाही, आणि लगेच तू रडायला लागलीस. तसं मी तुला आधी कधी पाहिलं नव्हतं. रडतानाही एक डोळा सुयांवर. सव्वाअकराची नोंद राहिली असती.

गुरुवारी तू कामावर आलीस, पण दर नोंदीला दोनदा उठून कर्ण्याला कान लावत होतीस. फोनवाली मला म्हणाली, "कानाला झालंय तरी काय? भिंतीशी कुजबुजल्यासारखी करतेय." मी म्हटलं, मान आखडलीय. संध्याकाळी मी तुझ्याबरोबर तुझ्या घरी आले, कारण तुला एकटी सोडायला माझा जीव धजेना.

तुझा दादा जेवत होता, वहिनी वाढत होती, आई भिंतीला टेकून बसली होती. दादाने ऑफिसातलं काहीतरी सांगितलं आणि दोघं खदाखदा हसली. आईने विचारलं, "काय झालं?"

वहिनी म्हणाली, "काही नाही, आई."

आईने मान हलवली. थोड्या वेळाने दादा वहिनीला हळू आवाजात काही म्हणाला. आईने पुन्हा विचारलं, "काय रे?"

"काही नाही गं, आई."

वाईट नव्हती ती माणसं. सासूचे पाय रोज चेपायची तुझी वहिनी. फक्त पुन्हा मोठ्याने सांगायचा कंटाळा. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "दिवसाला किती वेळा होतं, माहितेय? मी मोजते. परवा एकोणीस." मग म्हणालीस, "नोकरी जाण्याची भीती नाही गं मला. ह्याची आहे."

तुला काय भ्यायचं होतं ते मला त्या घटकेला कळलं, आणि तरी मी म्हटलं, "उद्या तोंड उघडू नकोस." मला तुझ्यापेक्षा जास्त धडकी भरली होती. तुझ्यासाठी भरली होती असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. कार्बन प्रतींवर माझं अक्षर होतं, हेही लिहून टाकते.

शुक्रवारी सातवाला आला. आम्ही त्याला दहा वर्षं फोनवर ओळखत होतो, पाहत पहिल्यांदाच होतो. धिप्पाड माणूस, इस्त्रीचा शर्ट, काखेत थर्मास, ओठ पार झाकून टाकणारी मिशी. साहेबांनी त्याला साडेअकराची वेळ दिली होती, आणि बाहेर बसायला एकच बाक, तो नेमका तुझ्या खोलीसमोर. तू त्याला आत बोलावलंस. तुझी ती रीतच होती, पाहुणा बाहेर ताटकळलेला तुला चालायचा नाही.

तो दारातच थबकला. अकरा कर्ण्यांकडे बघत राहिला. मग सात नंबरच्या सुईवर त्याने बोट ठेवलं, काचेवरून, अगदी हळू, आणि काहीतरी म्हणाला.

मिशीमुळे तुला काही कळलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगणारच होते. पण तू हात वर करून मला थांबवलंस आणि वहीतला एक कागद फाडून त्याच्यापुढे धरलास. तो गोंधळला. बाईंचा घसा बसला असेल, असं समजून त्यानेही बिचाऱ्याने तोंड न उघडता लिहिलं. थर्मासच्या झाकणात चहा ओतून तुझ्यापुढे सरकवला आणि कागद उलटा फिरवला.

'बाई, साहेब नाही म्हणतात. पण तुम्ही ऐकलं असेल ना?'

तू तो चहा सगळा प्यालीस. सावकाश. मला वाटलं, ही आता रडणार. तू झाकण टेबलावर ठेवलंस, कागदाची घडी केलीस, साडीच्या निऱ्या सारख्या केल्यास आणि त्याच्या पुढे चालत साहेबांच्या खोलीत गेलीस. न ठोकता. मी मागोमाग.

साहेब म्हणाले, "बाई, तुमची गरज नाही. तुमची वही आहे माझ्याकडे."

"साहेब, जरा खिडकीकडे तोंड करा."

"काय?"

"खिडकीकडे तोंड करा आणि मला काहीतरी विचारा."

साहेब तुला फार मानायचे, नाहीतर उठले नसते. ते उठले. पाठ फिरवली. आणि त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला इथे किती वर्षं झाली?"

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. सातवाला उभा होता. मी दाराची मूठ धरून होते आणि मनात ओरडत होते, एकोणीस, म्हण एकोणीस! तू साहेबांच्या पाठीकडे बघत होतीस, शाळेत हजेरीला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी.

साहेबांनी आणखी मोठ्याने विचारलं.

थोड्या वेळाने तू म्हणालीस, "विचारलंत का?"

साहेब वळले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. तू म्हणालीस, "मंगळवारचं ठीक मी डोळ्यांनी लिहिलं आहे. सहा वर्षांचं सगळंच. त्यातलं मंगळवारचं तेवढं चुकलं. हा माणूस खरं सांगतो आहे. त्याच्या वहीवर सही करा."

मग मीही कार्बन प्रतींचं सांगितलं. तू सांगू देईनास, मध्येच म्हणालीस, "हिचं काही ऐकू नका." सातवाल्याला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टेलिफोनवाल्यांनी पेटी उघडली, मिसळलेली तार सापडली. सातवाला त्याच संध्याकाळच्या बसने परत गेला. तुला त्यांनी घरी बसवलं नाही, तळघरातल्या टेपांच्या खोलीत पाठवलं. तिथे तू वीस हजार टेपांना नंबर घातलेस. ऐकणीच्या खोलीत एक यंत्र बसलं. केंद्र गप्प झालं की ते घंटी वाजवतं. दोन जावा भांडू लागल्या तर ते आजही वाजवणार नाही, हे मी सभेत म्हटलं होतं. कुणाला आवडलं नाही.

मग आपण कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने उशीर झाला म्हणून सांगितलं. किती उशीर, ते तू विचारलंस. "पाच-सहा वर्षं आधी आला असतात तर…" तू ते त्याच्या ओठांवर वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंसही नाहीस. ते मी विसरलेले नाही.

आणि एक कबूल करते. तुझ्या निरोप समारंभात कुणीतरी विनोद सांगितला, सगळे हसले, तू माझ्या कोपराला हात लावून विचारलंस, "काय म्हणाला?" आणि मी, चाळीस वर्षांची तुझी मैत्रीण, म्हटलं, "काही नाही गं." तू मान हलवलीस. तुझ्या आईसारखी. घरी येऊन मी तो विनोद पाठपोट कागदावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी तुला आणून दिला. फालतूच होता. तू तो वाचलास आणि म्हणालीस, "ह्याच्यासाठी हसले?"

आता ते झाकण. सातवाला गडबडीत निघाला आणि थर्मासचं झाकण तुझ्या टेबलावर राहिलं. तू ते घासून पुसून रुमालात बांधून ठेवलंस. टपालाने पाठवू, मी म्हटलं. "छे, हातात द्यायचं," तू म्हणालीस. दहा डोंगर एकोणीस वर्षं ऐकलेस, पाहिला एकही नव्हतास. त्याचं पत्र आलं होतं, या म्हणून. यंत्राच्या पत्र्यावर तळहात ठेवला की आवाज हाताला कळतो, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र तू पर्समध्ये ठेवायचीस.

बारा नंबर उघडू दे, मग जाऊ, असं ह्या वेळी मी म्हटलं. मग माझी बढती, मग तुझ्या आईचं आजारपण, मग वीस नंबर, मग माझे गुडघे. दर वर्षी आपण बसची वेळ विचारायचो. तुझ्या भाचीने तुझं सामान आवरताना रुमाल मला आणून दिला, ह्यात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

सातवाला अजून आहे. डोंगराच्या पायथ्याशी राहतो, असं संपादक म्हणाला. बस सकाळी सव्वासहाला सुटते, दोन ठिकाणी बदलावी लागते. झाकण माझ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे.